कोणते विमान कुठे उभे राहील?



सुट्टीत भारतात जाताना विमानतळाच्या काचेतून ओळीने उभी असलेली विमाने तुम्ही पाहिली असतील. ज्या जागी विमान उभे राहते तिला 'स्टँड' म्हणतात. एस.टी. स्टँडवर एका फलाटाची गाडी कधीकधी दुसऱ्याच फलाटाला लागते आणि आपण सामान उचलून पळतो. विमानाचे तसे चालत नाही. प्रत्येक स्टँडवर जास्तीत जास्त केवढे विमान मावेल हे आधीच ठरलेले असते. ते कसे ठरते आणि कुठे शोधायचे, हे आज पाहू.

सगळ्यात महत्त्वाचे माप म्हणजे पंखांचा पसारा, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यावरून सहा गट पाडले आहेत :

ए – १५ मीटरपेक्षा कमी (छोटे सेसना)
बी – १५ ते २४ मीटर
सी – २४ ते ३६ मीटर (एअरबस ए ३२०, बोइंग ७३७)
डी – ३६ ते ५२ मीटर (बोइंग ७६७)
ई – ५२ ते ६५ मीटर (बोइंग ७७७, ७८७)
एफ – ६५ ते ८० मीटर (एअरबस ए ३८०)

वरचा आकडा गाठला की विमान पुढच्या गटात जाते. लंडनहून मुंबईला जाताना आपण बहुधा 'ई' गटाच्या विमानात बसतो. ए ३८० चे पंख ७९.७५ मीटर आहेत, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर जवळजवळ तेवढे!

पण पंख मावले म्हणजे झाले असे नाही. शेजारचे विमान, इमारत, खांब यांच्यापासून मोकळी जागाही हवी. 'ए' आणि 'बी' गटांसाठी ३ मीटर, 'सी'साठी ४.५ मीटर आणि 'डी', 'ई', 'एफ'साठी ७.५ मीटर, असा साधारण नियम आहे.

आता थोडे गणित. एका 'ई' विमानाला ६५ अधिक ७.५, म्हणजे ७२.५ मीटर रुंदी लागते. दोन 'सी' विमानांना ४०.५ दुणे ८१ मीटर. म्हणजे 'ई'च्या जेमतेम जागेत दोन 'सी' मावत नाहीत. पण 'एफ'च्या ८७.५ मीटरमध्ये आरामात मावतात. म्हणून काही मोठ्या स्टँडवर तीन रेघा आखतात : मधली एका मोठ्या विमानासाठी, डावी-उजवी दोन लहान विमानांसाठी. आम्ही संगणकावर काम करणारी माणसे. 'पंख मर्यादेत असतील तर येऊ द्या' एवढा नियम संगणकाला शिकवणे सोपे; पण 'डावीकडे विमान असेल तर मधली जागा बंद' हेही शिकवावे लागते. खरी मेख तिथेच आहे.

लांबीही पाहावी लागते. २००३ पर्यंत उडणाऱ्या काँकॉर्डचे पंख फक्त २५.६ मीटर, म्हणजे ए ३२० पेक्षाही आखूड. पण लांबी जवळजवळ ६२ मीटर! आखूड स्टँडवर त्याची शेपटी मागच्या रस्त्यावर आली असती.

ही मापे नुसती कागदावरची नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला एक बोइंग ७४७ धावपट्टीकडे जाताना चुकून अरुंद रस्त्यावर वळले. त्याचा उजवा पंख एका इमारतीत घुसला आणि आतल्या चौघांना किरकोळ दुखापत झाली. विमान आणि रस्ता दोन्ही ठीक होते. फक्त एकमेकांसाठी नव्हते.

मग मर्यादा शोधायची कुठे? प्रत्येक देश वैमानिकांसाठी 'वैमानिक माहिती प्रकाशन' काढतो. त्यातील बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने लागू होतात. त्यात विमानतळांची माहिती आणि मोठ्या विमानतळांच्या स्टँडचे नकाशे असतात. ब्रिटनचे आणि भारताचे प्रकाशन इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. विमानाची मापे बनवणाऱ्या कंपनीच्या विमानतळ-नियोजन पुस्तिकेत मिळतात. एक लक्षात ठेवा : स्टँडचे अक्षर कळले तरी तळटीप वाचल्याशिवाय थांबू नका. 'शेजारचा स्टँड रिकामा असेल तरच' अशी अट तिथेच दडलेली असते.

पुढच्या प्रवासात खिडकीतून खाली पाहा. पिवळ्या रेघेवर वेगवेगळ्या विमानांसाठी थांबण्याच्या खुणा दिसतात का? मोजा आणि वर्गात येऊन सांगा.

कोडे : बोइंग ७७७-९ चे पंख ७१.७५ मीटर आहेत. तरीही ते 'ई' स्टँडवर उभे राहू शकते. कसे?

(उत्तर : जमिनीवर आल्यावर त्याच्या पंखांची टोके वर दुमडतात आणि पसारा ६४.८५ मीटर होतो.)