फ्लॅश गेला, फ्लॅशवाले कुठे गेले?

12 जानेवारी 2021 रोजी जगभरच्या संगणकांवर फ्लॅश प्लेयरने स्वतःच्याच फाइल्स चालवायला नकार दिला. ही तारीख अडोबी कंपनीने त्या प्रोग्राममध्ये आधीच घालून ठेवली होती. वेबवरचे खेळ, कार्टून, जाहिराती, शाळांसाठी तयार केलेले धडे असे किती तरी काम ज्या प्लॅटफॉर्मवर उभे होते, तो एका दिवसात बंद पडला.

वापरणाऱ्यांना तरी तसे वाटले. डेव्हलपरांना चाहूल फार आधी लागली होती. 2007 साली आलेल्या आयफोनमध्ये फ्लॅश नव्हता. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून तो का घेणार नाही याची कारणे मांडली. नोव्हेंबर 2011 मध्ये अडोबीनेच मोबाइलच्या ब्राउझरसाठी फ्लॅश पुढे विकसित करणे थांबवले आणि जुलै 2017 मध्ये अखेरचे वर्ष जाहीर केले. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत तेरा-चौदा वर्षे मिळाली. तरीही अशा वेळी निर्णय लांबतो, कारण उतरणीच्या पहिल्या वर्षांत कामे येत असतात, पगार वेळेवर होतो आणि अनुभवी माणसाला मानही असतो.

मात्र प्रत्येक प्लॅटफॉर्म फ्लॅशसारखा संपत नाही. पुढे काय करायचे हे ठरवण्याआधी तो चालतो कुठे आणि त्याची कळ कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते. फ्लॅश लोकांच्या ब्राउझरमध्ये चालायचा. ब्राउझर बनवणाऱ्यांनी दार लावले की खेळ संपला. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचेही तेच झाले, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2021 मध्ये थांबला. याउलट जो प्रोग्राम ग्राहकाच्या स्वतःच्या मशीनवर, त्याच्याच डेटाला चिकटून चालतो, तो कंपनीने हात काढून घेतला तरी वर्षानुवर्षे तग धरतो.

व्हिज्युअल बेसिक 6 हे याचे ठळक उदाहरण. 1998 साली ते आले. त्यानंतरची डॉट नेटमधली आवृत्ती इतकी वेगळी होती की जुना कोड जसाच्या तसा चालेना. 2005 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने गौरवलेल्या जाणकारांनी निषेधाचा अर्ज काढला, पण कंपनी बधली नाही. 2008 मध्ये डेव्हलपरांसाठीचा सपोर्ट संपला. त्यात लिहिलेले प्रोग्राम मात्र आजच्या विंडोजवरही चालतात, कारण ते चालवणारा भाग मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये राहू दिला आहे.

फॉक्सप्रोची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची. 1990 च्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी छोट्या-मोठ्या व्यवसायांचे हिशेब संगणकावर आणले. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे सांगितले आणि जानेवारी 2015 मध्ये सपोर्टही थांबवला. मग 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि बिलिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला हात लावावा लागला. त्या दिवसांत व्यापाऱ्याला हवा होता त्याची खतावणी, उधारी आणि परताव्याचा हिशेब समजणारा माणूस. कोड कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने गौण होता. ज्याला हिशेबाचे शास्त्र कळत होते त्याच्याकडे भाषा जुनी असूनही काम होते. ज्याला फक्त कमांड पाठ होत्या, त्याची अडचण झाली.

कोबोलबद्दलही हेच म्हणता येते. 1959 मध्ये आखणी झालेली ही भाषा आजही बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या मेनफ्रेमवर राबते. सन 2000 च्या तारखांसाठी जुने प्रोग्राम दुरुस्त करण्याच्या, म्हणजे Y2K च्या कामात भारतीय कंपन्यांनी हजारो प्रोग्रामरांना याच कोडवर बसवले होते. एप्रिल 2020 मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. अशी बातमी वाचून कोबोलचा कोर्स लावण्याचा मोह होतो. पण दुर्मीळ आहे तो तीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम व्याज अमुक पद्धतीनेच का काढतो, हे सांगू शकणारा माणूस. नुसते व्याकरण काही आठवड्यांत शिकता येते. म्हणून जुन्या प्लॅटफॉर्मवर थांबायचे असेल, तर त्या धंद्याचे ज्ञान खोलवर घेत थांबावे.

ज्यांना थांबायचे नाही, त्यांनी सगळे सोडून शून्यापासून सुरुवात करण्याची गरज सहसा नसते. फ्रान्समधल्या बोर्दोची मोशन ट्विन ही कंपनी वेबवर फ्लॅशचे खेळ बनवायची. तिथल्या निकोला कनास यांनी फ्लॅशसाठी स्वतंत्र कंपायलर लिहिला आणि पुढे 2005 मध्ये हॅक्स नावाची भाषा काढली. एकच कोड वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर नेता यावा, ही तिच्यामागची कल्पना. फ्लॅश आटत गेला तरी कंपनीचे कौशल्य आटले नाही. 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला तिचा ‘डेड सेल्स’ हा गाजलेला खेळ हॅक्समध्येच लिहिलेला आहे. अँडर्स हेल्सबर्ग यांचा प्रवास आणखी लांबचा. टर्बो पास्कल आणि डेल्फी घडवल्यावर ते 1996 मध्ये बोरलँड सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांच्या हातून सी शार्प आणि नंतर टाइपस्क्रिप्ट उभी राहिली. डेल्फीचे दिवस ओसरले, पण तिच्यातले विचार सी शार्पमध्ये ओळखू येतात.

सामान्य डेव्हलपरलाही शेजारची वाट सापडते. फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्टमधून जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टकडे, ऑब्जेक्टिव्ह-सीमधून स्विफ्टकडे, अँड्रॉइडवर जावातून कोटलिनकडे. यातली सर्वांत भक्कम वाट मायग्रेशनच्या प्रोजेक्टमधून जाते. जुनी सिस्टिम नव्यावर नेताना दोन्ही बाजू जाणणारा माणूस लागतो, शिवाय नवे शिकताना पगार चालू राहतो. सपोर्टचे काम संपून बेंचवर बसल्यावर मात्र ही संधी क्वचितच येते. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असलेल्या मराठी इंजिनिअरला तर नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला साधारणपणे 60 दिवसच मिळतात. इतक्या दिवसांत नवा प्लॅटफॉर्म पचवून मुलाखती देणे फार थोड्यांना जमते. नोकरी हातात असतानाची दोन-तीन वर्षेच खरी कामाची.

हा भार एकट्या डेव्हलपरवर टाकणे अन्यायाचे आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने सिम्बियन सोडून विंडोज फोनची कास धरली आणि हजारोंची कामे धोक्यात आली. त्याच वर्षी कंपनीने ‘ब्रिज’ नावाची योजना काढून जाणाऱ्यांना नवी नोकरी शोधायला, शिकायला आणि स्वतःचा व्यवसाय थाटायला मदत केली. व्यवसायासाठी भांडवलही दिले. योला ही फिनलंडमधली कंपनी अशाच मदतीवर सुरू झाली.

आपल्याकडे बऱ्याचदा उलटे घडते. मायग्रेशनची टीम नव्या भाषेच्या लोकांनी भरली जाते आणि जुनी सिस्टिम सांभाळणाऱ्याला फक्त ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर) द्यायला बोलावतात. चार बैठकांनंतर त्याचे काम संपते. त्याचे नाव नव्या टीमच्या यादीत घालणे मॅनेजरला अवघड नसते. सिस्टिम समजावून सांगणाऱ्याने, अप्रेझलला बसताना, पगारवाढीच्या आधी ही मागणी पुढे ठेवावी.