शब्द छापले, आवाज कुठे आहे?

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात त्यांनी ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावरून एक भाषण केले. हे युद्ध जिंकण्याचा निर्धार हिंदी कामगाराने का केला आहे, हा त्याचा विषय. नाझींच्या व्यवस्थेविरुद्धची ही लढाई जुनी व्यवस्था टिकवण्यासाठी नाही; कामगाराला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभी राहिलेली व्यवस्था हवी आहे, असे बाबासाहेबांनी सरकारी मायक्रोफोनवरून बजावले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात हे भाषण छापलेले आहे.

आम्ही ते अनेकदा वाचले. प्रत्येक वेळी एकच हुरहुर लागते. ‘समता’ हा शब्द उच्चारताना बाबासाहेबांचा आवाज कसा लागला असेल? ते कुठे थांबले असतील? कागद हे सांगत नाही. आमच्या हाती मजकूर आहे, आवाज नाही. म्हणूनच युद्धकाळातील रेडिओच्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न हा केवळ जुन्या तबकड्या जमवणाऱ्या हौशी मंडळींचा प्रश्न आहे, असे आम्ही मानत नाही. तो आमचाही प्रश्न आहे!

त्या काळी रेडिओवरची बातमी म्हणजे हवेत विरून जाणारी गोष्ट होती. निवेदक मायक्रोफोनसमोर बसून बातमी वाचायचा आणि शेवटच्या शब्दाबरोबर ती संपायची. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांना तर मुद्रित केलेला आवाज प्रक्षेपित करणेच मान्य नव्हते. सारे काही थेट व्हावे, हा त्यांचा दंडक. जे मुद्रण होई ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारख्या थराचा लेप दिलेल्या तबकडीवर. सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटे मावत. युद्ध सुरू झाले आणि ॲल्युमिनियम विमानांसाठी हवे झाले. मग तबकड्या काचेच्या होऊ लागल्या. हातातून निसटली की इतिहासाचे तुकडे!

तरीही काही आवाज वाचले. ते कसे वाचले, ते वाचकांनी नीट पाहावे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल शहरात किरो नावाचे रेडिओ केंद्र आहे. पूर्वेकडच्या न्यूयॉर्कमधून सीबीएस कंपनीच्या बातम्या निघत, तेव्हा घड्याळातील फरकामुळे सिएटलच्या श्रोत्यांना ती वेळ सोयीची नसे. म्हणून हे केंद्र बातम्या तबकड्यांवर मुद्रित करून नंतर ऐकवी. इतिहास जपण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. निव्वळ सोय होती. युद्ध संपले, तबकड्या पडून राहिल्या. १९५० च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक मायलो रायन यांना त्यांचा पत्ता लागला. त्यांनी त्या टेपवर उतरवून घेतल्या, एकेक ऐकून त्यांची यादी तयार केली आणि १९६३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बॉम्बवर्षावाखालच्या लंडनमधून एडवर्ड मरो काय बोलले, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या त्या ६ जून १९४४ रोजी लोकांनी काय ऐकले, हे आज जगाला ऐकता येते, त्यात या संग्रहाचा मोठा वाटा आहे. एका मास्तराने अडगळीला अडगळ म्हणायचे नाकारले, एवढेच हे काम. पण केवढे मोठे!

आता याची दुसरी बाजू पाहा. बीबीसीने १ मार्च १९४२ रोजी लंडनहून मराठी प्रसारण सुरू केले. पुढे जगप्रसिद्ध झालेले लेखक जॉर्ज ऑर्वेल तेव्हा तेथे नोकरीला होते. १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षे त्यांनी हिंदुस्थानासाठी युद्धवार्ता लिहिल्या. त्यांच्या इंग्रजी मजकुरावरून मराठी वार्तापत्रे तयार होत आणि मराठी निवेदक ती वाचून दाखवीत. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तेव्हा याच विभागात काम करीत होत्या. या वार्तांचे कागद बीबीसीच्या दप्तरात सापडले आणि १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आले. पण ऑर्वेल यांचा आवाज? दोन वर्षे रेडिओत काढलेल्या या माणसाच्या आवाजाचे एकही मुद्रण आजवर सापडलेले नाही. साम्राज्याची राजधानी, पैसा, यंत्रे, इंजिनिअर सारे हाताशी असताना ही गत. मग ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, त्यांच्या आवाजाचे काय झाले असेल?

आणि जपलेला आवाज काय करू शकतो, हेही पाहा. एप्रिल १९४५ मध्ये बीबीसीचे वार्ताहर रिचर्ड डिम्बलबी बेल्सनच्या छळछावणीत शिरले. त्यांनी पाहिले ते इतके भयंकर होते, की लंडनमधील वरिष्ठ त्यांचे निवेदन प्रक्षेपित करायला कचरले. डिम्बलबींनी नोकरी सोडण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे ते लोकांपर्यंत पोहोचले. माणसाला जन्मावरून हीन ठरवणारा विचार शेवटी कोठे जाऊन पोहोचतो, याची ती साक्ष आहे. छळछावण्या झाल्याच नाहीत, असे म्हणणारे आजही निपजतात. त्यांच्यापुढे तो आवाज उभा राहतो. जन्मावरून हीन ठरवले जाणे म्हणजे काय, हे आम्हास पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून या साक्षीची किंमत आम्ही जाणतो.

आपल्याकडची कथा तर अधिकच बोलकी आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ‘चले जाव’ आंदोलनाविषयी बाबासाहेबांचे मत वेगळे होते, हे सर्वश्रुत आहे. पण इतिहास जपायचा तर सर्वांचाच जपला पाहिजे. या रेडिओवर काय बोलले गेले, हे आज बरेचसे कळते ते पोलिस कान देऊन ऐकत होते आणि टिपून घेत होते म्हणून! सत्ता आपल्या सोयीसाठी दप्तर ठेवते. त्यात आपले शब्द सापडतीलही, पण ते आरोपीचे शब्द म्हणून.

नुसते जपून ठेवणे पुरेसे नाही. लाखेचा थर आकसतो, त्याला भेगा पडतात, वर पांढरी भुकटी येते. मग सुई फिरत नाही. टेपही आंबते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. संगणकावर उतरवून प्रती अनेक ठिकाणी ठेवणे हाच मार्ग आहे. पण तेवढ्यानेही भागत नाही. कुलपात ठेवलेला आवाज आणि हरवलेला आवाज यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत साठ वर्षांची आहे आणि प्रक्षेपणावरचा हक्क पंचवीस वर्षांचा. महायुद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली. तेव्हा कायद्याच्या सबबीआड लपण्यात अर्थ नाही. युद्धकाळातील कोणती मुद्रणे शिल्लक आहेत, त्यांची संपूर्ण यादी आकाशवाणीने जनतेसमोर ठेवावी आणि जी आहेत ती ऐकण्यास खुली करावी, अशी आमची मागणी आहे. महार रेजिमेंट उभी राहिली तीही याच युद्धात, १९४१ मध्ये. त्या जवानांच्या नातवंडांना आपल्या आजोबांच्या काळाचा आवाज ऐकण्याचा हक्क नाही काय?

मात्र सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आमच्याच घरी पत्र्याच्या पेटीत भीमगीतांच्या, सभांतील भाषणांच्या कॅसेटी वर्षानुवर्षे पडून होत्या. परवा उघडल्या, तर काहींच्या फितीवर बुरशी चढलेली. एकीवर गावाचे नाव होते, साल नव्हते. दुसरीवर साल होते, पण गाणारा कोण हे सांगणारा माणूस आता हयात नाही. दोष कुणाला द्यायचा? आमचा आम्हालाच!

वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. ती आज उघडा. कॅसेटवर नाव, गाव, साल लिहा. तुम्हाला ठाऊक नसेल तर घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर विचारा. जवळच्या कुणा जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्या. एक प्रत घरी, एक विहाराच्या ग्रंथालयात, एक परगावच्या नातलगाकडे ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका. सिएटलच्या त्या मास्तराकडे याहून वेगळी युक्ती नव्हती. त्याने ऐकले, लिहून ठेवले आणि इतरांना ऐकू दिले. आपल्या आवाजासाठी हे काम आपल्यालाच करावे लागेल.

जयभीम!