वर्गणी, थैली आणि जामीन

युद्ध पेटले की वर्तमानपत्राचा खर्च वाढतो आणि उत्पन्न आटते. कागद महागतो, व्यापार बसल्यामुळे जाहिराती बंद होतात, बातम्यांवर सेन्सॉर येतो. लोकसंस्थांचीही तीच गत होते, कारण एरवी शाळेला किंवा दवाखान्याला मिळणारी देणगी युद्धनिधीकडे वळते. अशा काळात सरकारच्या मर्जीबाहेर राहून छापणाऱ्याला आणि संघटना चालवणाऱ्याला पैसा कोण देतो, हा प्रश्न आज युक्रेनच्या निमित्ताने चर्चेत आहे. वऱ्हाडाने आणि एकूण महाराष्ट्राने तो पहिल्या महायुद्धात अनुभवला होता.

निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. 1905 च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाणा जिल्ह्यात आले. खामगावची कापसाची पेठ त्याआधीच नावारूपाला आली होती. तिच्यासाठी टाकलेला रेल्वेचा फाटा 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला होता. अशा पेठांमध्ये धर्मादा कापण्याची रीत होती. सौद्यामागे थोडी रक्कम बाजूला पडे आणि ती गोरक्षण, धर्मशाळा, पाठशाळा अशा कामांना जाई. सार्वजनिक कामाला पैसा देण्याची सवय या मुलखात कोणत्याही राजकीय चळवळीपेक्षा जुनी होती. ती सवय नसती, तर पुढच्या थैल्या भरल्या नसत्या. महाराष्ट्रात पैसा फंडानेही हेच तत्त्व वापरले होते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या या निधीतून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला.

1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि युरोपकडे जाणारा कापूस अडला. भाव कोसळले, पुढे 1917 आणि 1918 मध्ये ते चढले. पण वर्तमानपत्रांपुढची मोठी अडचण बाजारभावाची नव्हती. ती 1910 च्या प्रेस कायद्याची होती. नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपये अनामत मागता येई. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त होई आणि पुन्हा छापायचे तर 1000 ते 10,000 रुपये भरावे लागत. तेही जप्त झाले तर छापखानाच सरकारजमा होई. यासाठी आधी न्यायालयात गुन्हा शाबित करण्याची गरज नव्हती. जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या साप्ताहिकाला 1000 रुपये म्हणजे कित्येक महिन्यांचे उत्पन्न. संपादकाला तुरुंगात पाठवले तर तो लोकांच्या नजरेत मोठा होतो. त्याची अनामत गिळली तर पत्र मुकाट्याने बंद पडते. हा कायदा म्हणूनच अधिक घातक होता. बेंजामिन हॉर्निमन ज्या प्रेस असोसिएशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते, तिने या कायद्याचा फटका बसलेल्या छापखान्यांची आणि पत्रांची संख्या 991 मोजली. अनामत मागितल्यामुळे जन्मालाच न आलेली पत्रे त्यात शंभराहून अधिक होती.

अनामत भरायला लोक पुढे आले तरच पत्र जगे. मद्रासमध्ये ॲनी बेझंट यांच्या 'न्यू इंडिया'ची 2000 रुपयांची अनामत 1916 मध्ये जप्त झाली आणि त्यांना 10,000 रुपये नव्याने भरावे लागले. त्याच वर्षी पुण्यात याच झगड्याचे दुसरे दर्शन घडले. 23 जुलै 1916 रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. गायकवाड वाड्यात त्यांना लोकांच्या वर्गणीची एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि ती रक्कम त्यांनी राष्ट्रकार्याला दिली. नेमकी त्याच दिवशी जिल्हा मॅजिस्ट्रेटची नोटीस त्यांच्या हाती पडली. बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी त्यांच्याकडून मागण्यात आली: 20,000 रुपयांचा स्वतःचा मुचलका आणि 10,000 रुपयांचे दोन जामीन. हा आदेश नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात रद्द झाला. टिळकांची बाजू मांडणारे वकील होते महंमद अली जिना.

स्वराज्याची मागणी करणारी टिळकांची होमरूल लीग एप्रिल 1916 मध्ये बेळगावला स्थापन झाली होती. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. तिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्य प्रांताबरोबर वऱ्हाडही होता, म्हणजे बुलढाणा जिल्हाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे जुने सोबती होते, तर यवतमाळच्या बापूजी अणे यांनी युद्धाच्या अखेरच्या काळात 'लोकमत' साप्ताहिक काढले. लीगने पहिल्याच वर्षी सहा मराठी आणि दोन इंग्रजी पुस्तिका छापल्या आणि त्यांच्या 47,000 प्रती विकल्या गेल्या. विकल्या गेल्या, हे महत्त्वाचे. फुकट वाटलेल्या कागदाला पैसा बाहेरून आणावा लागतो. विकत घेतलेली पुस्तिका पुढच्या पुस्तिकेचा खर्च भागवते आणि वाचकालाही कामात भागीदार करते. 1918 च्या आरंभी टिळकांनी वऱ्हाडाचा दौरा केला. इंग्लंडला पाठवायच्या शिष्टमंडळासाठी निधी गोळा करणे हा त्याचा एक हेतू होता. त्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाने वऱ्हाडात हाहाकार माजवला आणि पाऊसही दगा देऊन गेला. त्याच लोकांनी त्याच वर्षांत सरकारी युद्धकर्जालाही पैसे दिले होते, पुष्कळदा पाटील-पटवाऱ्यांच्या दडपणाखाली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की या निधीची खरी किंमत कळते.

पैशाचा ओघ परदेशातून देशात येतो, असाच आज सर्वसाधारण समज आहे. तेव्हा तो उलटा होता. लंडनमध्ये काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचे 'इंडिया' हे पत्र 1890 पासून 1921 पर्यंत निघत होते आणि त्याचा खर्च मुख्यतः भारतातून जाणाऱ्या वर्गणीवर भागे. लंडनला गेलेल्या टिळकांनी मजूर पक्षालाही 2000 पौंड दिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीचा खटला ते फेब्रुवारी 1919 मध्ये हरले. त्याच्या सुमारे तीन लाख रुपयांच्या खर्चाचा बोजा महाराष्ट्राने वर्गणीतून उचलला. प्रेस कायदा 1922 मध्ये रद्द झाला, पण अनामतीची कल्पना 1931 च्या कायद्यात परत आली.

वर्गणीलाही मर्यादा होत्या, हे मान्य केले पाहिजे. ती मोठ्या नावाभोवती गोळा होते. ज्याच्यामागे टिळकांसारखा माणूस नाही किंवा पेठेतले व्यापारी नाहीत, त्या समाजाच्या पत्राला ती पुरत नाही. 1920 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. एका हाताने दिलेले अनुदान तिथे शेकडो वर्गण्यांचे काम करून गेले. अनुदानाची गरज अशाच ठिकाणी असते.

युक्रेनमध्ये 2022 च्या आक्रमणानंतर जाहिरातींचे उत्पन्न जवळजवळ संपले आणि तिथली बहुसंख्य स्वतंत्र पत्रे व संकेतस्थळे परदेशी अनुदानांवर आली. त्यातून वार्ताहरांचे पगार, जनित्रे, चिलखते, प्रथमोपचार आणि सुरक्षित गावी हलवलेली कार्यालये यांचा खर्च भागत होता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने थांबवली आणि कित्येक संपादकांना वाचकांपुढे झोळी पसरावी लागली. 'कीव्ह इंडिपेंडंट'ने मात्र पहिल्यापासून वाचक-सदस्य जोडले होते आणि तो पाया त्या वेळी उपयोगी पडला. एकच मोठा दाता असणे किती धोक्याचे असते, हे त्या महिन्यात दिसले.

भारतात वृत्तपत्रांना परदेशी अनुदानाचा हा मार्ग कायद्यानेच बंद आहे. परदेशी देणग्यांचा कायदा 1976 मध्ये, आणीबाणीत झाला. त्याची जागा 2010 च्या कायद्याने घेतली. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या मालकाला, संपादकाला, मुद्रकाला किंवा वार्ताहराला परदेशी देणगी घेता येत नाही. संस्थांना परवानगी मिळते, पण 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आणि परदेशी पैसा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे देण्यास बंदी घातली. महानगरांतल्या मोठ्या संस्थांमार्फत तालुक्याच्या लहान संस्थांना मिळणारा आधार त्यामुळे तुटला. बुलढाणा जिल्ह्यातले मेहकरचे साप्ताहिक असो की लोणारची लोकसंस्था, अडचणीच्या काळात त्यांना हात देणारे खरे बळ आसपासच्या वाचकांचे आणि व्यापाऱ्यांचेच आहे. आपल्या तालुक्यातले एखादे पत्र सरळ बातमी देत असेल, तर त्याची वर्षाची वर्गणी या महिन्यातच भरावी.