लिज्जत: मालकीण कोण? लाटणारीच!

‘वर्क फ्रॉम होम’ आपल्या तोंडी बसण्याच्या कितीतरी आधी गिरगावात त्याचं बीज पडलं होतं! १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. तीच आजची लिज्जत पापड संस्था.

इथे लाटणारी प्रत्येक बाई ‘बहीण’, म्हणजे सहमालक. नफा वाटून, तोटाही वाटून. कारभार पाहणारी २१ जणींची समिती याच बहिणींमधली. बाहेरून आणलेला साहेब नाही.

मला सगळ्यात आवडते ती कामाची रीत. सकाळी शाखेत जायचं, आदल्या दिवशीचे पापड द्यायचे, त्यांची तपासणी झाली की वणाईचे, म्हणजे लाटण्याच्या मजुरीचे, पैसे आणि मळलेलं पीठ घेऊन घरी. उरलेला दिवस तिचा. मुलं शाळेत गेल्यावर लाटा, नाहीतर दुपारची जेवणं उरकल्यावर. मात्र पापड उद्या हवेतच, तेही ठरल्या मापाचे, नीट वाळलेले.

घरात जागा लागते, मनगटं दुखतात, आणि स्वयंपाक काही चुकत नाही, हेही खरंच. पण पोळपाटाशी कधी बसायचं हे तीच ठरवते. अशा बहिणी आज ४० हजारांहून जास्त आहेत!