मॅरेक्स रोग : कोंबडीच्या उपजत प्रतिकारशक्तीची पहिली लढाई

एक पाय पुढे, एक मागे ताणून आडवी पडलेली कोंबडी पोल्ट्रीवाल्यांना चांगली ठाऊक असते. हा मॅरेक्स रोग. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. तो हर्पिस विषाणूमुळे होतो हे 1967 मध्ये कळले.

पिसांच्या मुळाशी तयार झालेला विषाणू कोंड्याबरोबर धुळीत मिसळतो आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. तिथे मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. पेशींमधले संवेदक परका डीएनए ओळखतात आणि इंटरफेरॉन स्रवू लागते. या इशाऱ्यावर शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड सोडून त्याला आवर घालतात, तर ‘नैसर्गिक मारक पेशी’ बाधित पेशी नष्ट करतात. हे सारे अँटिबॉडी तयार होण्याआधीच घडते.

पण विषाणूही कमी नाही. राखणदारानेच चोराला घरात न्यावे, तसे मॅक्रोफेज त्याला प्लीहेपर्यंत पोचवतात, असे मानले जाते. त्याचे ‘मेक’ प्रथिन इंटरफेरॉनचा इशाराच दाबते. पुढे तो टी-पेशींत दडून बसतो आणि त्यातूनच गाठी होतात.

म्हणून पिल्लाला अंड्यातच किंवा जन्मल्या दिवशी लस टोचतात. लस गाठी टाळते, संसर्ग मात्र पूर्णपणे थांबवत नाही. त्यामुळे नवी पिल्ले आणण्याआधी शेडमधली धूळ आणि जुने तूस काढणे लसीइतकेच गरजेचे आहे.