शेततळ्यातील पाण्यास हवा कशी द्यावी?

शेततळे हे मुळात पिकास पाणी देण्याकरिता; परंतु साठलेल्या पाण्यात रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडून जोडउत्पन्न मिळविण्याकडे अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंचे लक्ष लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र या धंद्यातील मोठे नुकसान हे एका रात्रीत होणारे असते. सायंकाळी खाद्यावर तुटून पडणारे मासे पहाटे पृष्ठभागी तोंडे काढून हवा गिळू लागतात आणि उजाडेपर्यंत मरून तरंगतात. असे एकदा झाले म्हणजे मालक बाजारात धाव घेतो व विक्रेता पुढे करील ते यंत्र घेऊन येतो. आमचे सांगणे असे की, यंत्राची निवड दुकानात नव्हे, तळ्याच्या काठावर करावी.

प्रथम हिशेब पाहू. सन २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल हे माप सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. बाजूंचा उतार १:१ धरल्यास यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. उष्णमान ३० अंश सेल्सिअस असता एक लिटर पाणी हवेतून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू धरते. २० अंशांस ते नऊ मिलिग्रॅम धरते. म्हणजे उन्हाळ्यात तुडुंब तळ्यातही एकंदर प्राणवायू अवघा साडेसोळा किलो! त्यातही लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास आपल्या या माशांना त्रास होऊ लागतो. सबब खर्चावयास मिळणारी शिल्लक याच्या निम्मीही नसते.

ही शिल्लक खातो कोण? केवळ मासे नव्हेत. पाण्यास हिरवा रंग देणारी सूक्ष्म वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू निर्माण करते. पण रात्री तीच तो खाते, आणि तळचा गाळ व उरलेले खाद्य कुजतानाही तो खर्च होतो. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. आभाळ दोन-तीन दिवस झाकोळलेले असले, तर दिवसाची जमा थांबते आणि रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. दुसरे असे की, रब्बीस पाणी उपसता उपसता तळे निम्म्यावर येते, पण मासे तितकेच राहून वजनाने वाढलेले असतात. हा धोका पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

तेव्हा पहिला उपाय यंत्राचा नव्हे. पांढरी थाळी दोरीस बांधून पाण्यात सोडावी. ती वीतभर खोलीच्या आतच दिसेनाशी झाली, तर पाणी फार दाट हिरवे झाले असे समजून खाद्य व खत थांबवावे. पाणी उपसण्यापूर्वी मोठे मासे काढून विकावेत. माशांची संख्या बेताची व खाद्य मोजके असल्यास अनेक तळ्यांना यंत्राची गरजच पडत नाही. भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांत पाणी उथळ व विस्तीर्ण असल्याने वाराच ते घुसळतो. तेथे विरळ मासे यंत्रावाचून वाढत आले आहेत.

यंत्र घ्यावयाचेच ठरले, तर खोली मोजावी. वल्ह्यांचे चक्र, ज्यास बाजारात पॅडलव्हील म्हणतात, ते पाणी उडवून हवेशी मिसळते व त्यास प्रवाह देते. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाचे क्लॉड बॉइड यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अशा चक्रांची सरासरी एका युनिट विजेस २.२ किलो प्राणवायू, तर तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरची ०.९ किलो दिली आहे. हे आकडे स्वच्छ, प्राणवायुरहित पाण्यातील कसोटीचे होत. तळ्यातील लाभ याहून कमी असतो. तरी मीटर-दीड मीटर खोलीच्या मातीच्या तळ्यास चक्रच योग्य, हे यावरून दिसते. ते बांधापासून दूर ठेवावे, नाहीतर प्रवाहाने माती ढासळते.

पण तीन मीटर वा अधिक खोल, प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यास हाच न्याय लावणे चूक होईल. चक्र वरचा थर घुसळते, तळचे पाणी तसेच राहते. बुडबुडा मात्र जितक्या खोलातून वर येतो, तितका अधिक वेळ पाण्याशी राहतो आणि तळचे पाणीही वर आणतो. म्हणून खोल तळ्यास काठावर ब्लोअर व तळाशी डिफ्यूझर हीच रीत आम्हास अधिक पसंत आहे. ब्लोअर तितक्या खोलीचा दाब सोसणारा आहे की नाही, हे मात्र खरेदीपूर्वी विचारावे. कारंजे शोभेस चांगले, परंतु त्याचा परिणाम वरच्या थरापुरता. पंप घरचाच असेल तर अडीअडचणीस पाणी उंचावरून पाडण्याचा तोच उपयोग करावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. बरेच दिवस न हललेल्या खोल तळ्यात तळाशी प्राणवायुहीन व दूषित पाणी साचलेले असते. डिफ्यूझर पहिल्याच दिवशी रात्रभर चालविल्यास ते पाणी एकदम वर येऊन मासे मरतात. आरंभी भर उन्हात थोडा वेळ चालवावा व प्रतिदिनी वेळ वाढवीत न्यावा.

शेवटचा प्रश्न विजेचा. गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंतची. शेतीची वीज पाळीने येते आणि सौर पॅनल रात्री निरुपयोगी. तरी सौर पंपाने दुपारी पाणी घुसळावे. वरचा भरपूर प्राणवायू तळाशी पोचून रात्रीस उपयोगी पडतो. दाट मासे ठेवणाऱ्याने मात्र जनरेटर वा बॅटरी यांवाचून धंद्यात पडू नये, कारण यंत्राच्या भरवशावर वाढविलेले मासे यंत्र बंद पडताच प्रथम मरतात. ज्यास हा खर्च झेपत नाही, त्याने मासे कमी सोडावेत. अथवा हवेतील प्राणवायू घेऊ शकणाऱ्या पंगस किंवा मरळ या जातींचा विचार करावा.

सारांश, खोली, माशांचे वजन व पहाटेची वीज या तीन गोष्टी कागदावर मांडूनच बाजाराची वाट धरावी. कागद-पेन्सिलीस खर्च नाही. एका पहाटेच्या नुकसानीस मात्र वर्षाची मिळकत पुरत नाही.