कुलूप बदललंय, की घरच दुसरं?

गणपती आठवड्यावर आले होते आणि इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर महाप्रसादाची नावनोंदणी बंद पडली. रविवारी रात्री रेडिंगच्या घरी लॅपटॉप उघडून सर्व्हरवर शिरायला गेलो, तर पुटीने ठळक इशारा दिला: सर्व्हरची ओळख बदलली आहे.

फोनवर मित्र म्हणाला, "अरे, 'अॅक्सेप्ट' दाब आणि पासवर्ड टाक!" नेमकं हेच करू नये.

एसएसएच जन्मलं तेच पासवर्डचोरीतून. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपले, म्हणून तिथल्या तातू इलोनेन यांनी ते लिहिलं. (पुटी मात्र इथलं, केंब्रिजच्या सायमन टॅथम यांचं.) त्यात आधी सर्व्हर आपली ओळख पटवतो, मग आपण. पहिल्या भेटीत त्याच्या किल्लीचा ठसा आपला संगणक जपून ठेवतो. पुढे तो जुळला नाही, तर एक तर सर्व्हर बदललाय किंवा मध्येच कुणी तोतया बसलाय. त्या तोतयाला पासवर्ड दिला, की तो थेट त्याच्या हाती. खाजगी किल्ली वापरली तर ती मात्र आपल्या संगणकाबाहेर जात नाही. जाते फक्त तिने केलेली सही.

म्हणून होस्टिंगवाल्यांच्या नियंत्रण पानावर ब्राउझरमधून गेलो. तिथे सूचना होती: खातं नव्या यंत्रावर हलवलं आहे. सोबत नवा ठसाही होता. अक्षर न् अक्षर जुळवलं, मग 'अॅक्सेप्ट' दाबलं.

पुढची अडचण: 'सर्व्हरने किल्ली नाकारली.' आता हे बघा, उत्तर 'कनेक्शन टाइम्ड आउट' असतं, तर बहुधा वाटेतली फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता. 'रिफ्यूज्ड' असतं, तर बहुधा यंत्र सापडलं, पण २२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही. आपली किल्ली नाकारली, म्हणजे दारापर्यंत नीट पोहोचलो. का नाकारली, हे सर्व्हर मुद्दाम सांगत नाही. चोराला कशाला मदत करायची? कारण त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहिलं जातं, आणि ती मला दिसत नव्हती.

तासभर मी किल्लीच तपासत बसलो. दोष फोल्डरच्या परवान्यांत होता! स्थलांतरात आमच्या मुख्य फोल्डरचा परवाना ७७५ झाला होता, म्हणजे गटातल्या इतरांनाही त्यात लिहिता येत होतं. अशा फोल्डरमधल्या किल्ल्यांच्या यादीवर एसएसएच विश्वासच ठेवत नाही, कारण ती कुणीही बदलू शकेल. ब्राउझरमधूनच ७५५ केलं. आतल्या एसएसएच फोल्डरला ७००, यादीच्या फाइलला ६००. पुन्हा जोडणी केली, आत!

नावनोंदणीचा दोष दहा मिनिटांत निघाला. दीड वाजता मित्राला निरोप धाडला. सकाळी त्याचं उत्तर आलं: "चार नावं माझी. दोन बिनकांद्याची."